पानिपतची विज्ञानकथा आणि सेनापतीची पत्नी

विज्ञानकथा म्हटली की अग्निबाण, यंत्रमानव आणि परग्रहावरील चमत्कारिक प्राणी, एवढेच आमच्या पुष्कळ विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. हा समज दूर करण्यास आम्हास एक कथा फार उपयोगी पडत आली आहे. ती म्हणजे कै. डॉ. जयंत विष्णु नारळीकर यांची ‘गंगाधरपंतांचे पानिपत’. हीत अग्निबाण नाही की परग्रह नाही. आहे ती मुंबई, एक ग्रंथालय, एक बखर आणि एक बंदुकीची गोळी.

डॉ. नारळीकर (१९३८–२०२५) हे मूळचे कोल्हापूरचे, केंब्रिजास शिकलेले थोर खगोलशास्त्रज्ञ. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेस त्यांनी ‘कृष्णविवर’ ही आपली पहिली विज्ञानकथा पाठविली, ती स्वतःच्या नावाने नव्हे, तर ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने. ज. वि. ना. ही स्वतःची आद्याक्षरे त्यांनी उलटी केली होती. परीक्षकांनी नाव पाहून निकाल देऊ नये, हा हेतू. परीक्षेच्या उत्तरपत्रिकांवर नाव का लिहू देत नाहीत, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्यांस आम्ही हीच गोष्ट सांगतो.

आता कथा. गंगाधरपंत हे इतिहासाचे प्राध्यापक. पानिपतच्या लढाईचा निकाल निराळा लागता तर काय झाले असते, या विचारात ते मग्न असता त्यांस मालमोटारीचा धक्का बसतो, आणि ते एका निराळ्याच जगात जाऊन पडतात. तेथे मुंबईवर इंग्रजांचा अंमल आहे, ईस्ट इंडिया कंपनी अद्याप जिवंत आहे, आणि उर्वरित हिंदुस्थान मात्र कोणाचा गुलाम झालेला नाही. ग्रंथालयात बसून गंगाधरपंत स्वतःच्याच इतिहासग्रंथाचे खंड चाळतात आणि दोन जगांची वाट कोठे फुटली ते शोधून काढतात. ती फुटली पानिपतावर. त्या जगातील बखरीत विश्वासरावांस लागावयाची गोळी कानाजवळून निसटून जाते. आमच्या जगात ती लागली. तिळाएवढे अंतर, आणि दोन निरनिराळे हिंदुस्थान!

हे शास्त्रास धरून कसे, याचा उलगडा राजेंद्र देशपांडे हा गंगाधरपंतांचा स्नेही शेवटी करतो. इलेक्ट्रॉन सोडला तर तो नेमका कोठे जाईल हे आधी सांगता येत नाही; येथे जाण्याचा संभव इतका, तेथे जाण्याचा इतका, एवढेच गणिताने सांगता येते. मग जितके संभव तितकी जगे, असे मानण्यास हरकत कोणती? आपण त्यांपैकी एकातच वावरतो, म्हणून दुसरी आपणास दिसत नाहीत. या विचारास भौतिकशास्त्रात मान्यवरांचा आधार आहे. तथापि एका जगातून दुसऱ्यात जाऊन येणे ही कथाकाराने घेतलेली मोकळीक होय, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये.

ही कथा वाचताना आमचे लक्ष एका निराळ्याच ठिकाणी जाऊन थांबते. त्या दुसऱ्या जगात केवळ विश्वासराव वाचत नाहीत. सेनापती सदाशिवरावभाऊही वाचतात. पेशव्यांच्या दरबारात त्यांचे वजन वाढते, राघोबादादा मागे पडतात, विश्वासराव पुढे पेशवे होतात. म्हणजे त्या जगात भाऊसाहेब घरी परत आले. परंतु त्यांच्या घरी कोण वाट पाहत होते? कथा तिकडे वळत नाही. ती राज्यांची कथा आहे, आणि राज्यांच्या कथेत सेनापतीच्या पत्नीस जागा मिळणे कठीण. यात डॉ. नारळीकरांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही; प्रत्येक कथेस आपले अंगण असते. पण शिक्षकास अंगणाबाहेर डोकावण्याची खोड असते.

तेव्हा खऱ्या इतिहासाकडे वळू. लासूर स्टेशनावर परभणीकडे जाणाऱ्या गाडीत बसले असता जालना मागे टाकल्यावर परतूर लागते. गाडी तेथे क्षणभर थांबते आणि कोणी खिडकीबाहेर विशेष पाहतही नाही. इ. स. १७६० च्या फेब्रुवारीत उदगीरास निजामाचा पराभव करून आलेले भाऊसाहेब मार्च महिन्यात या परतुराहूनच उत्तरेच्या स्वारीस निघाले. उदगीर आणि परतूर दोन्ही आपल्याच मराठवाड्यात. पानिपतचा रस्ता आमच्या दारावरूनच गेला, म्हणा ना! सैन्याबरोबर लढाऊ नसलेली माणसेही फार मोठ्या संख्येने होती. उत्तरेतील तीर्थयात्रा या निमित्ताने घडतील, या आशेने कित्येक कुटुंबे निघाली होती. अठरा वर्षांचे नाना फडणीस आपली आई व पत्नी यांसह त्यांत होते. आणि होत्या भाऊसाहेबांच्या पत्नी पार्वतीबाई.

ऑगस्टात दिल्ली हाती आली, ऑक्टोबरात कुंजपुरा पडला. आणि नोव्हेंबरापासून पानिपतावर अब्दालीच्या व मराठ्यांच्या फौजा समोरासमोर तळ देऊन बसल्या. रसद तुटली, जनावरे मेली, माणसे उपाशी राहू लागली. छावणीतल्या त्या अडीच महिन्यांत सेनापतीच्या पत्नीचा एखादा दिवस कसा गेला असेल, याचे वर्णन बखरकार करीत नाहीत. शत्रूच्या तोफा किती, हत्ती किती, हे मात्र ते हौसेने सांगतात.

१४ जानेवारी १७६१ रोजी युद्ध झाले. विश्वासराव पडल्यावर भाऊसाहेब हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले आणि गर्दीत शिरले. रिकामी अंबारी दिसताच सैन्याचा धीर सुटला. त्यानंतर भाऊसाहेबांचे काय झाले, हे पाहून सांगणारा असा कोणी मराठ्यांकडे परत आला नाही. सुजाउद्दौल्याच्या पदरी असलेल्या काशिराज पंडिताने पुढे १७८० च्या सुमारास फारसीत हकीकत लिहिली आहे. तीप्रमाणे रणात एक शीर नसलेले धड सापडले, अंगावरील खुणांवरून ते भाऊंचे असे ठरले, आणि त्यास अग्नी देण्यात आला. पण हे सर्व शत्रूच्या गोटात. दक्षिणेत पोहोचली ती केवळ वार्ता.

पार्वतीबाईंस विश्वासू माणसांनी त्या आकांतातून बाहेर काढले व त्या ग्वाल्हेरीस पोहोचल्या. नाना फडणीसही जीव वाचवून आले. त्यांची पत्नी वाचली, आई मात्र गेली. त्याच वर्षी जूनच्या २३ तारखेस नानासाहेब पेशवे पुण्यास पर्वतीवर निवर्तले. पेशव्यांच्या घरात एकामागून एक दुःखे अशी निश्चित होत असता पार्वतीबाईंचे दुःख मात्र निश्चित होईना. त्यांनी वैधव्य पत्करले नाही. पती मेल्याचे प्रमाण नाही, तर आपण सुवासिनीच, असे म्हणून त्या कुंकू लावून राहिल्या. त्या काळच्या ब्राह्मण घरात हा निश्चय किती कठीण, हे आजच्या मुलींस सांगूनही कळावयाचे नाही. मरणाची खात्री झाली असती तर केशवपन, अलवण आणि कोपऱ्यातील जागा; खात्री नाही म्हणून हळदीकुंकू, पण त्याबरोबर सगळ्या वाड्याची कीव. गंगाधरपंत दुसऱ्या जगात गेले आणि परत आले. पार्वतीबाई दोन्ही जगांत एकाच वेळी राहिल्या. एकात भाऊसाहेब जिवंत, दुसऱ्यात मृत. आणि या दोहोंपैकी आपले जग कोणते, हे त्यांस कोणी सांगू शकले नाही.

येथे पवित्र शास्त्रातील एक स्थळ आम्हास आठवते. शास्ते या पुस्तकात दबोरेचे विजयगीत आहे. त्यात पराभूत सेनापती सीसरा याची आई खिडकीतून रस्त्याकडे पाहत मुलाच्या रथास उशीर का होत आहे असे विचारते. तो मारला गेला आहे, हे वाचकास ठाऊक असते, तिला नसते. शत्रूच्या घरातील त्या स्त्रीसाठीही त्या जुन्या कवयित्रीने चार ओळी राखून ठेवल्या. आमच्या बखरकारांहून तिची दृष्टी अधिक विशाल होती, असे म्हटल्यास कोणी रागावू नये.

मग विज्ञानकथेत सैनिकाच्या पत्नीस जागा मिळतच नाही की काय? मिळते. अमेरिकेत १९९३ ते १९९९ पर्यंत ‘स्टार ट्रेक : डीप स्पेस नाइन’ ही चित्रमालिका दूरदर्शनसंचावर चालली. तीत केको ओब्रायन नावाची स्त्री आहे. तिचा पती अंतराळातील एका स्थानकावर यंत्रविभागाचा प्रमुख. हुद्द्याने कमिशनचा अधिकारी नव्हे, परंतु त्याच्यावाचून स्थानकाचे पान हलत नाही. केको स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञ. पतीची बदली झाली म्हणून ती लहान मुलीसह तेथे येते, आणि पाहते तो काय, त्या लोखंडी स्थानकात अभ्यासास झाडच नाही! मग ती तेथील रिकाम्या मुलांसाठी शाळा काढते. आम्ही ज्या गावात राहतो त्यास स्टेशनावरूनच नाव मिळाले आहे, म्हणून स्थानकावरील ही शाळा आम्हास विशेष जवळची वाटते.

त्या शाळेवर एक संकटही येते. अंतराळातील ज्या विवरास तेथील लोक आपल्या देवदूतांचे निवासस्थान मानतात, त्याचे ती शास्त्रीय वर्णन शिकविते. एक धर्माधिकारी स्त्री येऊन हा पाठ बंद करण्यास सांगते. केको नकार देते, आणि पुढे शाळेत स्फोट घडविला जातो. आम्ही स्वतः मिशनच्या शाळेत शिकलो, मिशनच्याच शाळेत शिकवितो. तेव्हा हा प्रसंग पाहताना आमचे मन क्षणभर दोन्हीकडे ओढले गेले, हे कबूल केले पाहिजे. मुलांच्या श्रद्धेची थट्टा करणे सोपे, आणि खरे म्हणून ठाऊक असलेले दडविणे त्याहूनही सोपे. केको दोन्ही करीत नाही.

पुढे युद्धाचे सावट येते, कुटुंबे निघून जातात, शाळा बंद पडते. पत्नी उदास झाली हे पाहून पती तिला एक बाग करून देण्याचे ठरवितो. तेव्हा त्याचा वैद्यमित्र त्याला समजावितो की वनस्पतिशास्त्र हा तिचा पेशा आहे, वेळ घालविण्याचा छंद नव्हे. अखेर ती शेजारच्या ग्रहावर सहा महिन्यांच्या संशोधनास जाते आणि वाट पाहण्याची पाळी पतीवर येते. या एका उलटापालटीसाठी आम्ही त्या मालिकेतील पुष्कळ निरर्थक हाणामारी माफ करतो.

पार्वतीबाईंस असे काम कोणी देऊ केले नाही. त्यांच्या वाट्यास फक्त वाट आली. आणि त्यांच्या मनातील शंका केवळ त्यांच्या घरापुरती राहिली नाही. सुखलाल नावाचा बुंदेलखंडाकडील एक ब्राह्मण, आपणच भाऊसाहेब, असे सांगत पुढे आला. थोरल्या माधवरावांच्या कारकीर्दीत चौकशी होऊन तो तोतया ठरला व कैदेत पडला. तरी १७७६ मध्ये रत्नागिरीच्या सुभेदाराने त्यास सोडविले, लोक भोवती जमले, कोकणातील किल्ले त्याच्या हाती गेले आणि तो बोरघाटापर्यंत आला. शेवटी पकडला जाऊन त्याच वर्षी डिसेंबरात त्यास देहान्त शिक्षा झाली. न. चिं. केळकरांचे ‘तोतयाचे बंड’ हे नाटक (१९१३) याच प्रकरणावर आहे. पानिपतास पंधरा वर्षे लोटली होती, तरी भाऊसाहेब परत येतील असे मानणारे हजारो लोक होते. त्यांस आपण भोळे म्हणतो. मग पार्वतीबाईंस निराळा शब्द का वापरतो, याचा विद्यार्थ्यांनी विचार करावा.

सुटीसाठी वरच्या वर्गांस आम्ही एक लेखन देत आहोत. गंगाधरपंतांनी त्या जगातील बखरीचे एक पान नकळत खिशात आणले होते, हे कथा वाचणाऱ्यांस आठवत असेल. त्याच बखरीचे पुढील पान लिहावे. प्रसंग असा : भाऊसाहेब पानिपत जिंकून दक्षिणेत परत येत आहेत, आणि पार्वतीबाई त्यांच्याबरोबर आहेत. मार्ग नकाशावर पाहून घ्यावा. नर्मदा ओलांडण्यापूर्वी पुणे दिसू लागल्यास गुण कापले जातील. छावणीत स्वयंपाक कशाचा झाला, आजारी कोण होते, बरोबरच्या स्त्रियांपैकी कोण परत आल्या नाहीत, हे त्यात यावे. भाऊसाहेबांच्या तोंडी लांब भाषण घालू नये. पाने दोनच, आणि शाई निळी असावी.