एकाच संघाचे, मग मारामारी कशाला?

प्रश्न : यंदा उन्हाळ्यात मी मुलाकडे अमेरिकेत होतो. ऑगस्टमध्ये तिथल्या टीव्हीवर रोज त्यांच्या फुटबॉलच्या सराव शिबिरांच्या बातम्या चालायच्या. एकदा पाहतो तर हेल्मेट घातलेले पंधरा-वीस धिप्पाड गडी एकमेकांवर तुटून पडलेले. मला वाटलं सामना तापलाय. मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, हे सगळे एकाच संघाचे आहेत. सराव चाललाय.’’ आमच्या तालमीत एखाद्या पठ्ठ्याने वस्तादांसमोर असा हात उचलला असता तर त्याच संध्याकाळी त्याची वळकटी रस्त्यावर आली असती. महिन्याभराने ही माणसं खांद्याला खांदा लावून खेळणार, मग आधीच एकमेकांची नाकं का फोडतात? आणि त्यांना कुणी बोलत कसं नाही?
(एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : बोलतात, शिक्षाही करतात. त्याकडे येतोच, पण आधी जरा हिशेब मांडू.

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगमध्ये ३२ संघ आहेत. जुलैच्या अखेरीस शिबिरं सुरू होतात तेव्हा प्रत्येक संघाकडे ९० खेळाडू असतात. ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात ते ५३ वर आणावे लागतात. म्हणजे एका संघातले ३७ आणि सगळ्या लीगमधले मिळून ११८४ जण पाच आठवड्यांत यादीबाहेर. त्यातल्या काहींची सोय सरावापुरत्या ठेवलेल्या तुकडीत होते, बाकीच्यांनी बॅग भरायची. २०२५ मध्ये नवख्या खेळाडूचा किमान वार्षिक पगार ८ लाख ४० हजार डॉलर होता, पण तो मोसम सुरू झाल्यावर, आठवड्याच्या हिशेबाने मिळतो. शिबिरात मिळतो तो निव्वळ भत्ता. बावीस-तेवीस वर्षांच्या पोराच्या डोक्यात त्या महिन्यात काय चाललं असेल याची कल्पना करा.

गंमत अशी, की ज्याच्याशी जागेसाठी चुरस असते त्याच्याशी सहसा भांडण होत नाही. एकाच जागेवर डोळा असलेले दोघे शेजारीशेजारी उभे राहतात, एकाच प्रशिक्षकाकडून शिकतात, एकमेकांना पाणी देतात. मारामारी होते ती समोरच्या फळीशी. आक्रमणाची आणि बचावाची फळी रोज एकमेकींवर आदळतात. प्रत्येक झटापटीचं चित्रण होतं आणि मैदान रिकामं झाल्यावर प्रशिक्षक ते पुन्हा पुन्हा लावून बघतात. त्यात आपण उठून दिसायचं तर समोरचा फिका पडावा लागतो. कालपर्यंत ज्याच्याबरोबर जेवलो त्याला आज सगळ्यांदेखत आडवा करायचा, आणि त्यानेही नेमकं तेच ठरवलेलं.

सगळ्यात जास्त ठिणग्या उडतात त्या एकास एक झुंजीच्या सरावात. एक गडी समोरच्याला अडवायला उभा, दुसरा त्याला ढकलून आत घुसणार. वजनं सव्वाशे-दीडशे किलोंची, खेळ तीन-चार सेकंदांचा. शिट्टी वाजली की थांबायचं. पण हरलेल्याला थांबवत नाही. तो आणखी एक धक्का देतो, जर्सी धरून ठेवतो, हेल्मेटची जाळी ओढतो. सामन्यात असं धरून ठेवलं तर संघाचे १० यार्ड जातात. ठोसा लगावला तर १५ यार्ड जातात, बाहेर काढतात आणि वर दंड भरावा लागतो. सरावात पंच असले तरी त्यांच्या निर्णयाने कुणाचा एक यार्डही जात नाही. सामन्यात जी किंमत हात आवरायला लावते ती इथे नसतेच.

बातम्यांत कधी न येणारं एक कारण आहे. माझ्या मते निम्मी भांडणं त्यातूनच होतात. सरावाचा जोर दर वेळी वेगळा असतो. कधी पूर्ण ताकदीने खाली पाडायचं, कधी नुसतं अंगाला भिडून सोडायचं, कधी हातही लावायचा नाही. एकाला वाटतं आता हलकं चाललंय, तो सैल असतो. दुसऱ्याला आज प्रशिक्षकाच्या नजरेत भरायचं असतं, तो जीव खाऊन येतो. बेसावध असताना बसलेला तडाखा अपमानासारखा लागतो. मग ‘‘तुला कळत नाही का?’’ आणि पुढचं तुम्ही पाहिलंच.

त्यात ऑगस्टचं ऊन, अंगावर पॅड, डोक्यावर हेल्मेट. ही गरमी थट्टेवारी नेण्यासारखी नाही. १ ऑगस्ट २००१ रोजी मिनेसोटा व्हायकिंग्जचा कोरी स्ट्रिंगर शिबिरातल्या सरावानंतर उष्माघाताने गेला. पूर्वी दिवसातून दोनदा पॅड चढवून सराव व्हायचा. २०११ च्या करारात खेळाडूंच्या संघटनेने तो बंद करून घेतला आणि २०२० च्या करारात अख्ख्या शिबिरात पॅडसह सराव १६ वेळाच, अशी मर्यादा आली. तरीही दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात त्याच चेहऱ्यांना, त्याच धक्क्यांना माणूस विटतो. प्रशिक्षकांनाही ते कळतं. दुसऱ्या संघाला बोलावून एकत्र सराव ठेवण्याचं एक कारण तेच.

तुम्हाला दिसलेल्या पंधरा-वीस जणांपैकी खरे भांडणारे दोनच असतील. बाकीचे धावून आले, कारण आपल्या फळीचा माणूस एकटा सापडला असताना बघत उभं राहणं हे त्या जगात मोठं पाप. आल्यावर त्यातले बरेचसे नुसतीच कुणाची तरी जर्सी धरून उभे राहतात. हेल्मेटवर नुसत्या मुठीने ठोसा मारला तर आपलीच बोटं मोडू शकतात, हे त्यांना कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक असतं.

आता दोन प्रसंग ऐका. ऑगस्ट २०१५, कॅरोलायना पँथर्सचं स्पार्टनबर्गमधलं शिबिर. संघाचा हुकमी क्वार्टरबॅक, म्हणजे चाली रचणारा आणि चेंडू फेकणारा, कॅम न्यूटन. त्याची फेक बचावपटू जॉश नॉर्मनने मधल्यामध्ये उचलली आणि तो चेंडू घेऊन पळत सुटला. न्यूटन पाठलाग करत आडवा आला, नॉर्मनने हाताने त्याला दूर ढकललं आणि दोघं जमिनीवर. सरावात क्वार्टरबॅकला वेगळ्या रंगाची जर्सी घालतात, ती एवढ्याचसाठी की त्याला कुणी शिवायचंसुद्धा नाही. इथे तर तोच भांडत होता. त्या मोसमात पँथर्सनी १६ पैकी १५ सामने जिंकले, न्यूटन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघ सुपर बोलपर्यंत, म्हणजे अंतिम सामन्यापर्यंत, गेला. मग सगळे सांगू लागले, ‘‘बघा, त्या दिवशीच कळलं होतं, या संघात आग आहे.’’

ऑगस्ट २०२१, न्यूयॉर्क जायंट्स. असाच गोंधळ, आणि ढिगाऱ्याच्या तळाशी क्वार्टरबॅक डॅनियल जोन्स. प्रशिक्षक जो जज यांनी शिव्यांची लाखोली वाहून सगळ्या संघाला मैदानभर पळवलं, जोर काढायला लावले. जायंट्सनी त्या मोसमात ४ सामने जिंकले, १३ हरले आणि जज यांची नोकरी गेली. आता तोच प्रकार ‘संघात शिस्त नव्हती’ याचा पुरावा झाला.

म्हणून, भांडणातून एकी होते हा सिद्धांत मी मानत नाही. मोसम जिंकला की भांडणाला जिद्द म्हणायचं, हरला की बेशिस्त. ऑगस्टमधल्या धक्काबुक्कीवरून डिसेंबरबद्दल काहीही कळत नाही.

मला फरक करायचा असेल तर मी हेल्मेटकडे बघतो. डोक्यावर हेल्मेट आणि झटापटीच्या भरात झालेली मारामारी बहुतेकदा दुपारच्या जेवणापर्यंत विरते. हेल्मेट उतरल्यावर झालेली विरत नाही. त्याच न्यूटन-नॉर्मन प्रकरणाच्या दुसऱ्या दिवशी, ११ ऑगस्ट २०१५ ला, न्यूयॉर्क जेट्सच्या कपडे बदलण्याच्या खोलीत आयके एनेम्कपालीने क्वार्टरबॅक जीनो स्मिथचा जबडा एका ठोशात मोडला. भांडण खेळावरून नव्हतंच. एनेम्कपालीच्या एका शिबिराला स्मिथ जाणार होता, गेला नाही आणि त्यासाठी झालेले प्रवासाचे ६०० डॉलर परत करायचे राहिले होते. जेट्सनी एनेम्कपालीला त्याच दिवशी काढून टाकलं. दुसऱ्याच दिवशी बफेलो बिल्सनी त्याला उचललं. तिथे प्रशिक्षक होते रेक्स रायन, आदल्या वर्षापर्यंत जेट्सचेच प्रशिक्षक. नोव्हेंबरात हे दोन संघ भिडले तेव्हा नाणेफेकीला रायननी एनेम्कपालीलाच कर्णधार म्हणून पाठवलं. हा खोडसाळपणा मला अजून पचलेला नाही. स्मिथची जागा रायन फिट्झपॅट्रिकने घेतली आणि एका मोसमात टचडाउनचे गुण मिळवून देणाऱ्या ३१ फेका करून जेट्सचा विक्रम केला. तरी शेवटच्या सामन्यात बफेलोकडून हरून जेट्सची बाद फेरी हुकलीच. स्मिथला पुन्हा मोसमभर नियमित खेळायला मिळालं ते थेट २०२२ मध्ये, सिएटलकडून, आणि त्या वर्षीचा सर्वोत्तम पुनरागमनाचा पुरस्कार त्यालाच मिळाला.

झटापटीबाहेरचा आणखी एक प्रसंग. स्पार्टनबर्गमध्येच, १ ऑगस्ट २००८ ला, पँथर्सच्या स्टीव्ह स्मिथने मैदानाच्या कडेला सहकारी केन लुकसचं नाक फोडलं. याआधी २००२ मध्येही त्याने संघाच्या बैठकीत एका सहकाऱ्याला मारलं होतं. संघाने त्याला घरी पाठवलं आणि मोसमाचे पहिले दोन सामने बाहेर बसवलं. लुकसने त्याला माफ केलं. त्या मोसमात पँथर्स १२ सामने जिंकले, म्हणजे पुन्हा एकदा भाकीत करणाऱ्यांची पंचाईत.

तुमच्या तालमीबद्दल म्हणाल, तर वस्तादांचा धाक खराच. पण महिन्याभरात नव्वद पठ्ठ्यांतले सदतीस घरी पाठवायचे, आणि तेही रोजच्या लढतींचं चित्रण बघून, असं वस्तादांना कुणी सांगितलं असतं, तर तिथेही चार वळकट्या जास्त बाहेर आल्या असत्या असं मला वाटतं.

राहिला शिक्षेचा मुद्दा. आपल्याच सरावात आपल्याच माणसांनी केलेल्या मारामारीची शिक्षा बहुधा क्लबच करतो. कुणी भांडणाऱ्यांना तिथल्या तिथे मैदानाबाहेर काढतं, कुणी सगळ्या संघाला पळवतं, कुणी दंड लावतं. १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या मायकेल वेस्टब्रुकने सहकारी स्टीफन डेव्हिसला सरावात खाली पाडून बडवलं आणि ते टीव्हीवर दिसलं. त्याला ५० हजार डॉलर भरावे लागले. दोन संघांच्या एकत्र सरावातही लीग बराच काळ हात झटकत असे. ऑगस्ट २०२२ मध्ये लॉस एंजलिस रॅम्सचा ॲरन डोनाल्ड सिनसिनाटीच्या खेळाडूंवर हेल्मेट फिरवताना सगळ्या देशाने पाहिला, तरी सरावातली शिस्त हा क्लबचा विषय म्हणून लीगने त्याला काही केलं नाही. दोनच वर्षांनी, २०२४ मध्ये, जायंट्स आणि डेट्रॉइट लायन्स यांच्या एकत्र सरावात मारामाऱ्या झाल्यावर मात्र लीगने दोन्ही क्लबांना प्रत्येकी २ लाख डॉलर दंड केला. हे आधीच व्हायला हवं होतं.

प्रश्न : आपण ज्याला फुटबॉल म्हणतो त्यात असं होतं का?

उत्तर : होतं, पण कमी. तिथे रोज अंगावर आदळण्याचा सराव नसतो आणि महिन्याभरात जवळपास निम्मा संघ कापला जात नाही. गाजलेला प्रसंग लिव्हरपूलचा. फेब्रुवारी २००७ मध्ये पोर्तुगालच्या किनाऱ्यावर संघाचं शिबिर होतं. संध्याकाळी गाण्यावरून क्रेग बेलामी आणि यॉन आर्न रीसा यांची जुंपली आणि रात्री बेलामी गोल्फची काठी घेऊन रीसाच्या खोलीत शिरला. आठवड्याभरात बार्सिलोनात सामना होता. बेलामीने गोल केला आणि गोल्फचा फटका मारल्याचा अभिनय करत पळाला. लिव्हरपूलचा दुसरा गोल रीसाचा, आणि त्याला चेंडू दिला बेलामीने. लिव्हरपूल २-१ ने जिंकलं.

प्रश्न : सहकाऱ्याला मारलं तर तो गुन्हा नाही का? की ‘खेळात चालतं’ म्हणून सोडून देतात?

उत्तर : बहुतेक वेळा सोडून देतात, कारण तक्रार करणाऱ्याला पुढे त्याच धंद्यात नोकरी करायची असते. पण कायदा मैदानाच्या कुंपणापाशी थांबत नाही. २००३ मध्ये ओकलंड रेडर्सच्या बिल रोमानोवस्कीने सरावात मार्कस विल्यम्स या सहकाऱ्याचं हेल्मेट ओढून काढलं आणि त्याच्या डोळ्याच्या खोबणीचं हाड मोडलं. विल्यम्स पुढे फारसा खेळूच शकला नाही. तो कोर्टात गेला आणि २००५ मध्ये ज्युरीने त्याला ३ लाख ४० हजार डॉलर भरपाई दिली. इंग्लंडमध्ये मँचेस्टर सिटीच्या जोई बार्टनने मे २००७ मध्ये सरावाच्या मैदानावर सहकारी उस्मान दाबोला मारलं. २००८ मध्ये बार्टनने कोर्टात गुन्हा कबूल केला आणि त्याला चार महिन्यांची स्थगित कैद झाली.