कुत्र्याचे पडसे अंगावर काढू नका

गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपला पॉमेरियन घेऊन दवाखान्यात आले. "डॉक्टर, घशात हाड अडकलंय. चार दिवस ओकाऱ्या काढतोय." हाड नव्हते. कोरडा, घोगरा खोकला आणि त्याच्या शेवटी येणारी ओकारी, हे श्वासनलिका सुजल्याचे लक्षण. घरचे सगळे लग्नाला गेले तेव्हा कुत्रा आठवडाभर इतर कुत्र्यांबरोबर ठेवला होता, हे मग कळले.

"कुत्र्यांनाही फ्लू होतो का हो?" त्यांनी विचारले. होतो. २००४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडात शर्यतीच्या ग्रेहाउंड कुत्र्यांमध्ये घोड्यांचा एच३एन८ विषाणू आढळला. दुसरा, एच३एन२, मूळचा पक्ष्यांचा. तो आशियात कुत्र्यांमध्ये पसरला आणि २०१५ मध्ये शिकागोत त्याची मोठी साथ आली. लागण झाल्यावर दोन-चार दिवसांत ताप, शेंबूड, खोकला सुरू होतो. खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. बहुतेक कुत्री बरी होतात, काहींना न्यूमोनिया होतो. माणसाला कुत्र्याचा हा फ्लू झाल्याची नोंद नाही.

मात्र खोकणारे प्रत्येक कुत्रे फ्लूचेच नसते. पुष्कळदा तो 'केनेल कफ' असतो. नुसते पाहून दोन्हींतला फरक मलाही सांगता येत नाही. त्यासाठी नाका-घशातील नमुना प्रयोगशाळेत पाठवावा लागतो. विश्रांती, पाणी, मऊ अन्न हा उपचार दोन्हींत सारखाच.

मला धास्ती असते ती तिसऱ्याची, डिस्टेंपरची. त्याचीही सुरुवात पडशासारखीच होते. काही वर्षांपूर्वी पाच महिन्यांचे एक पिल्लू आले. डोळ्यांत चिकट पू, नाक वाहणारे, मध्ये ताप उतरून पुन्हा चढलेला. "पडसंच आहे म्हणून हळद-दूध देत होतो," मालक म्हणाले. लस एकही टोचलेली नव्हती. तिसऱ्या आठवड्यात त्याला झटके येऊ लागले, आणि ते गेले. या विषाणूवर नेमके औषध नाही, लस मात्र आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली, मग दर तीन-चार आठवड्यांनी, निदान सोळा आठवडे पूर्ण होईपर्यंत. पुढचे डोस डॉक्टर सांगतील तसे.

घरातली तापाची गोळी कुत्र्याला देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. आयबुप्रोफेनने त्याच्या पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉल यकृताला बाधते. आणि नाक कोरडे म्हणजे ताप, हा समज चुकीचा. ताप थर्मामीटरनेच कळतो, १०२.५ अंश फॅरनहाइटपर्यंत कुत्र्याला साधारण असते.

खोकणारे कुत्रे इतरांपासून वेगळे ठेवा. फ्लूची शंका असेल तर चार आठवडे. भांडी वेगळी, आणि त्याला हाताळल्यावर हात साबणाने धुवा. गळ्याच्या पट्ट्याने खोकला वाढतो, म्हणून फिरवताना छातीवरून बांधायचा पट्टा वापरा. झोपेत श्वास मोजा. मिनिटाला तीसच्या वर सतत जात असतील, खाणे सुटले असेल किंवा हिरड्या निळसर दिसल्या, तर सकाळची वाट पाहू नका.

येताना लसीकरणाचे कार्ड आणा. घरी एखादी गोळी दिली असेल तर तिची पट्टीही आणा. लपवू नका, मी रागावत नाही.