अजाणता पूर्वग्रह आणि पेत्राची दोन जेवणं

पूर्वग्रह म्हटलं की आपल्याला उघड भांडणारा, शिव्या देणारा माणूस आठवतो. पण आजचा पाठ त्याच्याबद्दल नाही. आजचा पाठ चांगल्या माणसांबद्दल आहे. म्हणजे जे भेदभाव वाईट मानतात, तरीही ज्यांचा हात, नजर, पाय आधीच कुठेतरी वळलेले असतात त्यांच्याबद्दल. यालाच अजाणता पूर्वग्रह म्हणतात.

बायबलमध्ये याचं सगळ्यात प्रामाणिक उदाहरण कोणाचं असेल, तर ते प्रेषित पेत्राचं.

'प्रेषितांची कृत्ये' अध्याय १० काढा. पेत्र यापो गावात शिमोन चांभाराच्या घरी उतरला आहे. (मेलेल्या जनावरांच्या कातड्याचं काम यहूदी लोक अशुद्ध समजत. म्हणजे एक पायरी तो आधीच उतरला होता, हे सहसा कोणी सांगत नाही.) दुपारी गच्चीवर प्रार्थना करताना त्याला दृष्टांत होतो. आकाशातून मोठी चादर उतरते, तिच्यात नाना प्रकारचे प्राणी असतात. मारून खा, असं वाणी सांगते. पेत्र नकार देतो. हे तीनदा घडतं. एवढ्यात कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसं दारात येतात. पेत्र त्यांच्याबरोबर कैसरियाला जातो, परक्याच्या घरात पाऊल टाकतो आणि सांगतो की कोणत्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हे देवाने मला दाखवलं. लक्षात घ्या, चादरीत प्राणी होते. माणसांचा अर्थ त्याचा त्याने लावला.

बहुतेक ठिकाणी हा पाठ इथेच संपवतात. पण आता गलतीकरांस पत्र, अध्याय २ वाचा. अंत्युखियात हाच पेत्र परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर जेवत होता. याकोबाकडची काही माणसं आली आणि तो हळूहळू मागे सरला, वेगळा बसू लागला. त्याचं बघून बर्णबासुद्धा. शेवटी पौलाला सगळ्यांसमोर बोलावं लागलं.

यापोतला भेद उघड होता, तो नियमच होता. अंत्युखियात मात्र पेत्राची शिकवण बदललेली नव्हती. आपली माणसं बघत आहेत एवढ्या भीतीने जुनी सवय परत आली. मला हा प्रसंग चादरीपेक्षा मोठा वाटतो. पटणं वेगळं, आणि ताटापाशी बसणं वेगळं.

आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांनी 'स्मृतिचित्रे'मध्ये आपल्या मनातलं सोवळं-ओवळं कसं सुटत गेलं ते लपवाछपवी न करता लिहिलं आहे. जरूर वाचा.

मग स्वतःत हे ओळखायचं कसं? मनाला विचारून उपयोग नाही, मन 'मी तसा नाही' असंच म्हणणार. याकोबाने आपल्या पत्रात (अध्याय २) सोपी खूण दिली आहे : सोन्याची अंगठी घातलेल्याला कुठे बसवता आणि मळक्या कपड्यातल्याला कुठे? म्हणजे बसायची जागा बघा.

मंडळीत शास्त्रवाचन कोण करतं, सतरंज्या कोण अंथरतं? शाळेत पाहुण्यांना गुलाब द्यायला कोणती मुलं उभी राहतात, झाडू कोणाच्या हातात येतो? एका मुलाचं उत्तर अडलं की आपण थांबतो, दुसऱ्याचं अडलं की लगेच "बस खाली" म्हणतो. कोणासाठी किती थांबलो?

या आठवड्याचा स्वाध्याय : एका वहीत सात दिवस फक्त नावं लिहा. कोणाला कोणतं काम सांगितलं, कोणाला पुढे बोलावलं, कोणाजवळ बसून डबा खाल्ला. कारणं लिहू नका, कारणं आपल्याला लगेच सुचतात. आठव्या दिवशी ती यादी आपल्याला स्पष्ट बोलू शकेल अशा एखाद्या माणसाला वाचायला द्या. पेत्राजवळ पौल होता.