फोन स्वतःच तयार होतो : ऑप्शन ६६

समजा आपल्या धाराशिवच्या होस्टेलमध्ये ४० आयपी फोन बसवायचेत. प्रत्येकात नंबर-पासवर्ड हाताने भरत बसलात आणि एक आकडा चुकला, तर मध्यरात्री आजारी मुलाचा फोन रेक्टर सरांना लागणारच नाही!

उपाय राउटरमध्येच आहे. डीएचसीपी फोनला आयपी पत्ता देतो. त्याच उत्तरात ऑप्शन ६६ (आरएफसी २१३२, १९९७) मध्ये सर्व्हरचा पत्ता लिहा. फोन सुरू होताच तो वाचतो, स्वतःच्या मॅक ॲड्रेसच्या नावाची फाईल तिथून आणतो आणि रजिस्टर होतो. सिस्कोचे फोन ऑप्शन १५० सुद्धा बघतात.

पण सावधान! टीएफटीपीला कुलूप नसते. फाईलमधला पासवर्ड उघडाच जातो. म्हणून फोनचे व्हीलॅन वेगळे ठेवा. अनेक फोन ६६ मध्ये एचटीटीपीएसचा पूर्ण पत्ताही घेतात. आधी एकाच फोनवर करून बघा, मग बाकीचे ३९!