गाडी का थरथरते?

मुलांनो, वालचंद हिराचंद यांचे नाव तुम्ही ऐकले असेल. त्यांचा जन्म १८८२ साली सोलापूर येथे झाला. १९४४ साली त्यांनी मोटारींचा कारखाना स्थापन केला. 'प्रीमियर पद्मिनी' ही मोटार याच कारखान्याची. आता ती तयार होत नाही. पण काही लोकांनी ती जपून ठेवली आहे.

अशी जुनी मोटार सिग्नलजवळ उभी असताना कधी कधी थरथरते आणि बंद पडते. असे का होते? इंजिनाला हवा, पेट्रोल आणि ठिणगी लागते. त्यांपैकी एक जरी कमीजास्त झाली, तरी इंजिनाची चाल बिघडते.

चांगला मिस्त्री लगेच स्क्रू पिळत नाही. तो आधी कारण शोधतो. पद्मिनीच्या इंजिनात चार सिलिंडर असतात. चालू इंजिनातील एकेका प्लगची वायर तो क्षणभर काढतो. इंजिन आणखी मंदावले, तर तो सिलिंडर ठीक आहे. काहीच फरक पडला नाही, तर दोष तिथेच आहे! मग तो प्लग साफ करतो किंवा बदलतो. चारही सिलिंडर ठीक असतील, तर तो रबरी नळ्या फाटल्या आहेत का ते पाहतो. नंतर कार्ब्युरेटरमधला कचरा काढतो. स्क्रूची पाळी सर्वांत शेवटी येते.

हे काम तुम्ही स्वतः करू नका. प्लगच्या वायरचा जोराचा झटका बसतो. तसेच बंद खोलीत इंजिन कधीही चालू ठेवू नये. त्याच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो. तो नकळत जीव घेतो.

आधी कारण, मग उपाय. मिस्त्रीचा हा नियम अभ्यासातही उपयोगी पडतो. गणित चुकले, तर सगळे खोडू नका. कोणती पायरी चुकली ते शोधा.