खाली आलेलं बीपी

प्रबंध जमा करायची तारीख जवळ आली की जळगाव-धुळ्याचे निवासी डॉक्टर संख्याशास्त्र शिकवणाऱ्या माणसाला शोधत येतात. हातात पेन ड्राइव्ह नाहीतर व्हॉट्सअ‍ॅपवर एक्सेलची फाइल, आणि मागणी एकच: "सर, तेवढी पी-व्हॅल्यू काढून द्या." हे काम मी बरीच वर्षं करतो आहे, बहुतेक वेळा चहाच्या मोबदल्यात. त्यातून जे कळलं ते पुढच्या मुलामुलींच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो. रिग्रेशन किंवा अनोव्हा चालवायचं कसं, हे आता कोणीही यूट्यूबवर पाहून शिकतं. बटण दाबायला मी लागत नाही. फाइल सॉफ्टवेअरमध्ये जाण्याच्या आधीच पुष्कळ अभ्यास बुडालेले असतात.

एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याच्या काही गावांत जानेवारीत तपासणी शिबिर झालं. ज्यांचं वरचं बीपी १४० ते १५९ निघालं त्यांना वेगळं काढलं. गोळ्या सुरू करण्याआधी मीठ कमी करून बघा, असा सल्ला दिला: लोणचं, पापड, ठेचा जरा जपून. मे महिन्यात त्याच लोकांचं बीपी पुन्हा मोजलं. सरासरी चांगलीच खाली आली होती. पेअर्ड टी-टेस्ट लावली, पी-व्हॅल्यू ०.००१ पेक्षा कमी. निष्कर्षाचं पान डॉक्टरीणबाई टाइप करूनच आल्या होत्या. माझ्याकडून फक्त तक्ता नीट करून हवा होता.

मी विचारलं, "डॉक्टर, जानेवारीत ज्यांचं बीपी एकदम कमी होतं, त्यांचं मे महिन्यात मोजलंत का?" अभ्यासात ते नव्हते. पण आशाताईंनी दुसऱ्या खेपेला जो येईल त्याचं मोजून वहीत उतरवून ठेवलं होतं. देव भलं करो त्यांचं. ती वही मागवली. जानेवारीत ज्यांचं वरचं बीपी ११० च्या आत होतं त्यांची सरासरी मे महिन्यात वर गेलेली निघाली. त्यांना काही कोणी मीठ वाढवायला सांगितलं नव्हतं.

फ्रान्सिस गाल्टनने १८८६ साली २०५ आईबाप-जोडप्यांच्या ९२८ प्रौढ मुलांच्या उंचीचा अभ्यास मांडला. फार उंच आईबापांची मुलं सरासरीने उंच, पण आईबापांइतकी नाहीत. बुटक्यांची मुलं बुटकी, पण तितकी नाहीत. टोकाची मापं सरासरीकडे झुकतात, आणि रिग्रेशन हे नाव तिथूनच पडलं. बीपीचंही तेच. शिबिराच्या दिवशी जो माणूस चार किलोमीटर चालत आला, रांगेत उभा राहिला, पांढरा कोट बघून बिचकला, त्याचं त्या दिवशीचं बीपी त्याच्या नेहमीपेक्षा जास्त भरणारच. अशांनाच निवडून पुन्हा मोजलं तर सल्ला द्या, गंडा बांधा, काहीच करू नका, सरासरी खाली येते. बीपी, साखर, युरिक अ‍ॅसिड, दुखण्याचे गुण, जे जे चढतं-उतरतं त्या सगळ्याला हे लागू आहे. "आधी आणि नंतर" एवढ्याच जोरावर उभी असलेली औषधाची जाहिरात मी म्हणूनच वाचत नाही.

त्यात आपलं हवामान. खानदेशात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो आणि मे महिन्यात भुसावळ-जळगावला ४५ च्या पुढे. उन्हात रक्तवाहिन्या सैलावतात, घामावाटे मीठ-पाणी जातं. उन्हाळ्यात बीपी हिवाळ्यापेक्षा कमी भरतं हे डॉक्टरांना ठाऊक असतं, पण प्रबंधाच्या वेळी आठवत नाही. त्या अभ्यासात मिठाचा परिणाम असेलही. पण निवडीमुळे उतरलेलं, उन्हामुळे उतरलेलं आणि मिठामुळे उतरलेलं बीपी वेगळं काढायची सोयच ठेवलेली नव्हती. बीपीच्या त्याच पट्ट्यातले, त्याच गावांतले, सल्ला न दिलेले लोक त्याच दिवशी मोजलेले असते तर काम झालं असतं. मग शेवटचं बीपी हे सुरुवातीचं बीपी आणि गट या दोन्हींवर टाकून रिग्रेशन करता आलं असतं. निदान पहिल्या दिवशी दोनदा मोजून एका मापावर निवड आणि दुसऱ्या मापापासून तुलना केली असती, तरी पहिली अडचण पुष्कळ कमी झाली असती. नंतर मी कितीही डोकं लावलं तरी हे फाइलमध्ये घालता येत नाही. शेवटी त्या प्रबंधाचा विषय गावांतल्या रक्तदाबाच्या प्रमाणापुरता ठेवला. तेवढं त्या आकड्यांतून खरंच सांगता येत होतं.

आता फाइल हातात आली की मी आधी काय बघतो ते सांगतो. बीपीच्या रकान्यातला शेवटचा अंक. पाऱ्याच्या यंत्रावर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात, त्यामुळे माप सम संख्येतच येतं. नीट मोजलं तर शेवटी ०, २, ४, ६, ८ साधारण सारख्या वेळा यायला हवेत. सगळीकडे १२०, १३०, १४० दिसलं तर सिस्टरांनी घाईत गोल केलं आहे. आणि "पाऱ्याचं यंत्र वापरलं" असं लिहून खाली १३७, १२३ असे आकडे असतील, तर मी केस पेपर बघायला मागतो. मग हिमोग्लोबिन: १०.५ चा टिंब गळून १०५ झालेला एकटाच पठ्ठ्या सगळी सरासरी आणि सगळं प्रचरण फिरवून टाकतो. साखरेच्या एकाच रकान्यात उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची मापं. रिकामा चौकोन म्हणजे तपासणी झाली नाही, की निघालं नाही? कोणी तिथे ० टाकला असेल तर सॉफ्टवेअर बिचारं तो खराच धरतं.

अनोव्हाची गोष्ट निराळी. फिशरने ही पद्धत इंग्लंडमधल्या रोथमस्टेडच्या शेतांत रुजवली. १९२५ च्या त्याच्या पुस्तकानंतर ती जगभर गेली. आपल्याकडेही ती दवाखान्याआधी शेतात आली. जे.एल. २४ हे भुईमुगाचं वाण ज्या जळगावच्या केंद्रातून निघालं, तिथल्या लोकांना वाफे, पुनरावृत्ती आणि त्रुटीचं प्रचरण समजावून सांगावं लागत नाही. डॉक्टरांना मात्र सांगावं लागतं, कारण ओळ आणि रुग्ण यांत त्यांची गल्लत होते. समजा दोन दवाखान्यांतले २०-२० रुग्ण घेतले आणि प्रत्येकाची साखर तीनदा मोजली. एक्सेलमध्ये १२० ओळी झाल्या. दवाखान्यांची तुलना करताना सॉफ्टवेअर समजतं १२० माणसं आहेत, आणि खाली ११८ स्वातंत्र्यमात्रा छापतं. खऱ्या असतात ३८. एकाच माणसाची तीन मापं एकमेकांच्या ओळखीची असतात. त्यांना तीन साक्षीदार धरलं की नसलेला फरक ठळक दिसू लागतो.

माणसामाणसांतला फरक आणि एकाच माणसातला दिवसागणिक फरक, या भेदावर आपल्याच एका माणसाने मोठा वाद उभा केला होता. पां. वा. सुखात्मे साताऱ्याकडच्या बुधचे, जन्म १९११. लंडनहून डॉक्टरेट केली, १९५१ पासून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेत संख्याशास्त्राचं काम सांभाळलं आणि निवृत्तीनंतर पुण्यात आले. त्यांचं म्हणणं असं की निरोगी माणसाचं खाणं स्वतःच्याच सरासरीभोवती वरखाली होतं; तेव्हा सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित मोजला तर आकडा फुगतो. वि. म. दांडेकरांनी त्यांच्याशी कडाडून वाद घातला, आहारतज्ज्ञांनीही. सुखात्म्यांचा निष्कर्ष मला पूर्ण पटत नाही; उपाशी माणसाचं शरीर जुळवून घेतं म्हणून तो ठीक आहे असं होत नाही. पण त्यांनी विचारलेला प्रश्न आरोग्याच्या प्रत्येक फाइलला विचारावा असा आहे: हा फरक माणसांतला, की माणसाच्या आतला?

रिग्रेशनचं सगळ्यात अवघड प्रकरण आपल्याकडे सिकलसेलचं. पावरा, भिल्ल, तडवी वस्त्यांमधल्या वाहकांचं हिमोग्लोबिन घ्यायचं, जळगाव शहरातल्या वाहक नसलेल्यांशी ताडायचं आणि फरक सिकलसेलच्या खात्यावर टाकायचा, असे तक्ते मी पाहिले आहेत. वाहकाला सहसा त्यामुळे रक्तक्षय होत नाही. फरक आहार, जंत, बाळंतपणं आणि दवाखान्यापासूनचं अंतर यांचाही असू शकतो. "मग सर, तालुका रिग्रेशनमध्ये घालू." घाला, पण सगळे वाहक डोंगरातले आणि बाकी सगळे शहरातले असतील तर तालुका आणि सिकलसेल हे त्या फाइलपुरते एकच झाले. कुठलंही सॉफ्टवेअर ते वेगळे करू शकत नाही. एखादा रकाना ते मुकाट्याने गाळून टाकेल, किंवा दोघातिघांच्या जोरावर भलताच आकडा देईल. तुलना करायची तर त्याच पाड्यातल्या, शक्य तर त्याच घरातल्या वाहक नसलेल्यांशी करा. आणि ६० रुग्णांवर १४ रकाने चढवू नका. एका रकान्यामागे दहा-पंधरा रुग्ण तरी हवेत. होय-नाही अशा उत्तराच्या रिग्रेशनमध्ये तर ज्यांना आजार झाला तेच मोजायचे, सगळे नव्हे.

भुईमुगाचा वाफा हंगामाच्या मध्येच ऊसतोडीला निघून जात नाही, माणूस जातो. पाठपुराव्याच्या तिसऱ्या खेपेला रकाने रिकामे होतात आणि प्रबंधात एक ओळ येते: "अपूर्ण नोंदी वगळल्या." कोण वगळलं गेलं? एका वहीच्या कडेला आशाताईंनी पेन्सिलीने लिहून ठेवलं होतं, "गोळ्या सरी ग्यात". गोळ्या संपल्या म्हणून बाई आलीच नव्हती. अशांना काढून टाकलं की उरतात ते गोळ्या मिळालेले, आणि औषध फार गुणकारी ठरतं. रिकाम्या चौकोनाशेजारी कारणाचा एक रकाना ठेवा. तो भरायला कमी वेळ लागतो आणि मला तो पी-व्हॅल्यूपेक्षा जास्त कामाचा वाटतो.

आणखी एक, जरा कडक शब्दांत. माझ्याकडे येणाऱ्या फायलींत अजूनही नाव, गाव, मोबाइल नंबर असतात. सिकलसेलच्या फाइलमध्ये आडनाव आणि पाडा एवढं जरी राहिलं तरी मुलगी ओळखू येते, आणि आपल्याकडे अशा कागदावर सोयरिकी मोडतात. नाव काढून क्रमांक द्या, क्रमांकाची वही कुलुपात ठेवा. असं न करता आलेली फाइल मी आता उघडतच नाही.

तेव्हा जळगाव, धुळे, नंदुरबारच्या निवासी डॉक्टरांना विनंती: प्रबंधाचा आराखडा नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे पाठवण्याच्या आधी संख्याशास्त्राच्या माणसाला एकदा भेटा. जळगावच्या विद्यापीठात विभाग आहे, कित्येक महाविद्यालयांत शिक्षक आहेत. येताना फाइल आणू नका, कारण ती अजून तयार झालेली नसेल. कोऱ्या केस पेपरचा नमुना आणा आणि ज्या सिस्टर किंवा आशाताई माप घेणार आहेत त्यांना शक्य तर बरोबर घेऊन या.