घरच्या भट्टीवर खुरपे : ऐरण, हत्यारे आणि पाणी पाजण्याची रीत



खुरपणीचा खर्च आपण मजुरी आणि माणसांच्या संख्येवर काढतो. खुरप्याकडे मात्र सहसा पाहत नाही. बोथट खुरप्याने तण मुळासकट निघत नाही. ते जमिनीलगत तुटते आणि काही दिवसांत पुन्हा फुटून वर येते. म्हणजे मजुरी दिली, पण तण राहिले. पूर्वी बलुतेदारीत गावचा लोहार हंगामाआधी खुरपी, विळे, कुळवाच्या पाशी शेवटून देत असे. आता अनेक गावांतील लोहाराची भट्टी विझली आहे. घिसाडी कुटुंबे येतात, पण आपल्याला गरज असेल त्याच आठवड्यात येतील असे नाही. यामुळे काही तरुण शेतकरी आणि शिक्षक मंडळी हौसेने घरीच छोटी भट्टी लावू लागली आहेत. आमच्याकडे येणाऱ्यांत असे विचारणारे बरेच असतात. मी कृषिविद्येचा माणूस, लोहार नव्हे. तरी प्रक्षेत्राजवळच्या एका वृद्ध लोहारांच्या हाताखाली चार पावसाळे काढले व जे शिकलो ते येथे देत आहे.

ऐरण कशी निवडावी?

नवशिका प्रथम ऐरणीवर पैसे घालवतो आणि बहुधा तेथेच फसतो. बाजारात स्वस्त मिळणाऱ्या काही ऐरणी बिडाच्या असतात. बीड ठिसूळ असते, कडा उडतात आणि हातोडा उसळत नाही, मेल्यासारखा पडतो. घेण्यापूर्वी सोपी परीक्षा करावी. बेअरिंगमधील मोठा छर्रा वीतभर उंचीवरून ऐरणीवर सोडावा. तो निम्म्याहून बराच वर उसळला तर पोलाद चांगले. जेमतेम उसळून थांबला तर ती ऐरण घेऊ नये.

रेल्वे रुळाचा तुकडाही चालतो. ५२ किलोच्या रुळाचे वजन मीटरला ५२ किलो असते, म्हणजे अर्धा मीटर तुकडा २६ किलो भरतो. तो आडवा ठेवण्यापेक्षा उभा पुरावा. उभ्या तुकड्यात सगळे वजन घावाखाली येते. वरचा पृष्ठभाग लहान दिसला तरी खुरप्याला पुरतो. मात्र रूळ भंगारातून पावतीशिवाय घेऊ नये. रेल्वे मालमत्ता (बेकायदा ताबा) अधिनियम, १९६६ नुसार अशा मालाचा ताबा हा गुन्हा आहे, आणि "मला माहीत नव्हते" हे उत्तर तेथे उपयोगी पडत नाही.

ऐरण बाभळीच्या ओंडक्यावर बसवावी व ओंडका दीड-दोन फूट जमिनीत गाडावा. ताठ उभे राहून हात खाली सोडला असता मुठीची बोटे जेथे टेकतात, तेवढीच ऐरणीची उंची ठेवावी. उंची चुकली की संध्याकाळी पाठ सांगतेच.

इतर हत्यारे थोडी पुरतात : एक किलोच्या आसपासचा हातोडा, दोन सांडशी, छिन्नी, कानस आणि हाताने फिरवायचा पंखा. सांडशी जिनसेच्या जाडीप्रमाणे घट्ट धरणारी हवी. तापलेला तुकडा सांडशीतून निसटून पायावर पडणे हा नवशिक्यांचा नेहमीचा अपघात आहे. हातोड्यावर हातोडा कधीही मारू नये. दोन्ही तोंडे कडक असल्याने कपच्या गोळीसारख्या उडतात.

पोलाद कोणते?

आपण माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब पाहतो. अर्धा टक्का कर्ब असला-नसला की जमिनीचा स्वभाव बदलतो. पोलादाचेही तसेच आहे. बांधकामाच्या सळईत कर्ब पाव टक्क्याच्या आसपास असतो. तिचे खुरपे दिसायला छान होते, पण पाणी धरत नाही आणि पहिल्याच खड्याला धार मुडपते. गाडीच्या कमानपाट्यात कर्ब अर्धा ते पाऊण टक्क्याच्या दरम्यान असतो. खुरपे, विळा, कोयता यांसाठी हा पाटा उत्तम. जीपचा पातळ पाटा मिळाल्यास ट्रकच्या जाड पाट्यापेक्षा ठोकण्याचे श्रम बरेच वाचतात. जुन्या कानशीत कर्ब एक टक्क्याच्या वर असतो. तिची सुरी छान होते, पण खड्यावर आपटणाऱ्या खुरप्याला ती ठिसूळ पडते.

ओळख पटत नसेल तर ग्राइंडरवर ठिणगी पाहावी. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब व सरळ जातात. कर्ब जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या आखूड असतात आणि टोकाला फुलबाजीसारख्या फुटतात. जुन्या पाट्यात मधल्या बोल्टच्या भोकाजवळ बारीक चिरा असतात, तो भाग टाकून द्यावा. जस्ताचा मुलामा असलेले पाइप किंवा पत्रे भट्टीत घालू नयेत. त्यांच्या धुराने थंडीताप भरतो.

भट्टीत लोणारी कोळसा वापरावा. पाटा नारिंगी होईपर्यंत तापवून ठोकावा आणि लाली मंद झाली की हात थांबवावा. थंड पोलादावर घाव घातल्यास आत चीर पडते व ती नंतर, नेमकी शेतात, उघडी होते. पांढऱ्या ठिणग्या उडू लागल्या तर पोलाद जळाले असे समजून तो भाग कापून टाकावा. धारेची कड या वेळी जुन्या एक रुपयाच्या नाण्याइतकी जाड ठेवावी. फार पातळ केली तर पाणी पाजताना वाकते.

पाणी पाजणे

येथे माझी एक चूक सांगणे भाग आहे. पहिल्या वर्षी मी पाट्याचे खुरपे लालभडक करून बादलीतील गार पाण्यात बुडवले. कानस त्यावरून काचेवरून घसरावी तशी घसरली आणि मला धन्यता वाटली. पुढचे काम न करता ते भुईमुगाच्या खुरपणीला दिले. दुसऱ्या दिवशी खड्यावर आपटून पात्याचा तुकडा उडाला आणि काम करणाऱ्या मावशींच्या डोळ्याखाली बोटभर अंतरावर लागला. टाके घालावे लागले. डोळा वाचला. आमचे लोहारकाका एवढेच म्हणाले, "पाणी पाजलंस, पण उतरवलं नाहीस."

कडक झालेले पोलाद काचेसारखे ठिसूळ असते. त्याला पुन्हा हलका ताव देऊन थोडे मऊ करावे लागते, तेव्हाच ते कामाचे होते. त्यासाठी पुढील क्रम ठेवावा.

घडलेले पाते तीन वेळा लाल करून हवेत निवू द्यावे. ठोकण्याचा ताण निघून जातो. मग सावलीत, रंग नीट दिसेल अशा उजेडात, धारेचा भाग सारखा तापवावा. लोहचुंबक लावून पाहत राहावे. सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलाद चुंबकाला चिकटणे सोडते. त्यानंतर किंचित अधिक लाली येऊ द्यावी आणि पाते धारेच्या बाजूने सरळ तेलात उतरवावे. कमानपाट्याला पाण्यापेक्षा तेल सुरक्षित. कोणतेही खाद्यतेल चालते. हाताला चांगले गरम लागेल इतके ते आधी कोमट करावे. इंजिनचे जळके ऑइल वापरू नये, त्याचा धूर घातक असतो. तेल खोल लोखंडी डब्यातच असावे व झाकण हाताशी ठेवावे. भडका उडाल्यास झाकण टाकावे, पाणी कदापि ओतू नये. पाते तेलात आडवे ढवळल्यास वाकते, म्हणून पुढे-मागेच हलवावे.

आता उतरवणे. पात्याची एक बाजू विटेच्या तुकड्याने किंवा पॉलिश कागदाने चकचकीत करावी. जाड लोखंडी पट्टी लाल करून तिच्यावर पात्याची पाठ टेकवावी. रंग पाठीकडून धारेकडे सरकू लागतात : प्रथम गव्हाच्या काडीचा पिवळा (सुमारे २२० ते २३० अंश), मग तपकिरी (२५० ते २६०), जांभळा (२७० ते २८०) आणि शेवटी निळा (३०० च्या आसपास). गवत कापण्याच्या विळ्याला धारेवर तपकिरी रंग येताच पाण्यात बुडवावे. कोयत्याला जांभळा येऊ द्यावा. मुरमाड जमिनीतील खुरप्याला जांभळा-निळा. धार थोडी लवकर जाते, पण तुकडा उडत नाही. हीच क्रिया दुसऱ्यांदा करावी. घाई करून रंग पुढे गेला तर पुन्हा तेलापासून सुरुवात करावी लागते.

धार लावताना हातग्राइंडरचा मोह होतो. कड निळी पडली की तेवढे पाणी उतरलेच. म्हणून दर दोन-तीन घासांनंतर पाते पाण्यात गार करावे व शेवटची धार कानशीने किंवा दगडावर काढावी. खुरप्याला एकाच बाजूने उतार द्यावा. मूठ वाळलेल्या बाभळीची, तोंडाला लोखंडी कडी घालून. मूठ स्वतःच्या हाताला नव्हे, जी खुरपणार तिच्या हाताला बसेल इतकी बारीक ठेवावी. पुरुषांनी केलेल्या मुठी बायकांना जाड पडतात, ही तक्रार मी प्रत्येक बांधावर ऐकली आहे.

भट्टीपुढे सुती कपडे, बंद बूट व डोळ्यांना चष्मा असल्याशिवाय उभे राहू नये; नायलॉनचा सदरा ठिणगीने वितळून कातडीला चिकटतो. शिवाय हौसेने तलवारी, जांबिये घडवण्याच्या भरीस पडू नये. शेती व घरकामाच्या हत्यारांना शस्त्र अधिनियम, १९५९ मध्ये सूट आहे, ती त्या कामासाठीच घडवलेल्या वस्तूंना आहे.

पहिल्या पाच-सहा खुरप्यांच्या शेपटीवर छिन्नीने खुणा कराव्यात : एक खाच तपकिरीची, दोन जांभळ्याच्या, तीन निळ्याच्या. एकाच शेतात, एकाच दिवशी वापरून संध्याकाळी धारा पाहाव्यात. धार मुडपली असेल तर पुढच्या वेळी एक रंग आधी थांबावे. दात्यासारखी तुटली असेल तर एक रंग पुढे जाऊ द्यावे. आपल्या जमिनीतील खडा कोणता रंग मागतो हे वहीत लिहून ठेवावे.